'साइटवर बघू'च्या आधी

खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर अशा गावांत हा नमुना नेहमीचा आहे, म्हणून तोच उदाहरणाला घेऊ. गावातला सिव्हिल इंजिनिअर ऑटोकॅडमध्ये नकाशा काढतो. त्याची एक प्रत नगरपरिषदेत मंजुरीला जाते. दुसरी स्ट्रक्चरल डिझायनरकडे जाते. तो अनेकदा अकोल्याला किंवा अमरावतीला बसलेला असतो आणि त्याच्याकडून कॉलम, बीम, स्लॅबचे वेगळे कागद येतात. इलेक्ट्रिशियनच्या हातात नकाशाची झेरॉक्स पडते, तिच्यावर तो पेनाने पॉइंट मारतो. प्लंबरला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. तो साइटवर येऊन थेट मालकालाच विचारतो, "डॉक्टरसाहेब, कमोड कोणत्या भिंतीला घ्यायचा?"

या सगळ्यांची गाठ पडते ती सेंट्रिंग ठोकून झाल्यावर, स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी.

पहिल्या मजल्यावरचं बाथरूम जवळून पाहा. तिथला स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा फूटभर, म्हणजे ३०० मिलिमीटर खाली घेतलेला असतो. साइटवर त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागातून ११० मिलिमीटरचा पाइप उतार घेत बाहेरच्या डक्टकडे निघतो. चाळीसास एक असा उतार धरला, तर तीन मीटरच्या वाटेत पाइप ७५ मिलिमीटर खाली उतरतो आणि कडेला पोचेपर्यंत संकन स्लॅबच्या तळाशी टेकतो. त्या कडेला ४५० मिलिमीटर खोलीचा बीम आडवा आहे, आणि त्याचा माथा खोलीच्या स्लॅबशी जुळवलेला आहे. म्हणजे पाइपाला जिथून बाहेर पडायचं, तिथे बीमचं पोट आलं. नकाशातलं बाथरूम बरोबर, डिझाइनमधला बीम बरोबर, प्लंबरचा उतारही बरोबर. तरी बीमला छिन्नी लागते आणि रिंगा कापल्या जातात. हे भोक बीमच्या टोकाजवळ, कॉलमपाशी पडलं तर जास्त वाईट, कारण कातरबल तिथेच सर्वांत जास्त असतं आणि ते पेलायला रिंगाच असतात.

हीच गोष्ट महिनाभर आधी कळली असती तर उपाय सोपे होते. डक्टची बाजू बदलता आली असती. बीम संकन स्लॅबबरोबर खाली उतरवता आला असता. मात्र तेव्हा त्याचा तळ खालच्या एक्स-रेच्या खोलीत किती उंचीवर येतो तेही पाहावं लागलं असतं. किंवा डिझायनरला विचारून बीममध्ये आधीच स्लीव्ह ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना जादा रिंगा बांधता आल्या असत्या. यातला एकही उपाय महागडा नाही, पण काँक्रीट पडल्यावर तिन्ही हातचे जातात.

इमारतीचं डिजिटल मॉडेल, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, ज्याला व्यवसायात बीआयएम म्हणतात, ते या जागेवर कामाला येतं. ऑटोकॅडच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. आपण भिंत आहोत हे त्या रेषांना माहीत नसतं. बीआयएममध्ये आपण रेषा काढत नाही, भिंत उभी करतो. ती नऊ इंची आहे की साडेचार इंची, विटेची आहे की ब्लॉकची, किती उंच आहे, कोणत्या मजल्यावर आहे, तिच्यात कोणती खिडकी बसली आहे, हे सगळं तिच्यासोबत नोंदलेलं असतं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, दार-खिडक्यांचा तक्ता हे सारं त्या एकाच मॉडेलमधून निघतं. खिडकी सहा इंच सरकवली की ती सगळ्या कागदांवर सरकते. आणि पाइप, बीम, स्लॅब एकाच मॉडेलमध्ये आले की पाइप बीममध्ये शिरतोय हे पडद्यावर लाल होऊन दिसतं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हल्ली तालुक्याच्या गावातही मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'थ्रीडी एलिव्हेशन' पाठवतात. संध्याकाळचा उजेड, समोर गाडी, गॅलरीत कुंड्या. ते चित्र मालकाला आवडतं आणि कामही मिळवून देतं. पण आत बीम नसतो, फुटिंग नसतं, पाइप तर नसतोच. बाहेरून दिसणारं कवच तेवढं असतं. असं चित्र काढणारा मुलगा कार्यालयात आहे म्हणून 'आमच्याकडे थ्रीडी होतं' असं समजू नये.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली असा विचार मांडला होता की कागदांच्या गठ्ठ्याऐवजी इमारतीचं एकच वर्णन संगणकात ठेवावं आणि हवा तो नकाशा त्यातून काढून घ्यावा. १९८० च्या दशकात बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट या छोट्या कंपनीने आर्किकॅड आणलं, २००० साली रेव्हिट आलं आणि २००२ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतलं. ब्रिटनने ४ एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात उघडावं यासाठी आयएफसी नावाचा खुला साचा तयार झाला आणि २०१३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण लहान कार्यालयाला तो फार मोलाचा आहे.

विदर्भातलं मोठं उदाहरण नागपुरात आहे. नागपूर मेट्रोचं भूमिपूजन २१ ऑगस्ट २०१४ ला झालं आणि ७ मार्च २०१९ ला पहिल्या भागाचं उद्घाटन झालं. या कामासाठी महामेट्रोने 'फाइव्ह-डी' मॉडेल वापरलं: तीन मिती आकाराच्या, चौथी वेळेची, पाचवी पैशाची. बेंटलेच्या प्रणालीतली डिझाइनं, प्रायमाव्हेरातलं वेळापत्रक आणि सॅपमधले हिशेब एकमेकांना जोडलेले होते. एखादा खांब ओतून झाला की मॉडेलमध्ये त्याची नोंद, कामाच्या टक्केवारीत त्याची भर आणि बिलात त्याची किंमत, अशी ही साखळी.

नागपूर मेट्रोच्या पूर्ण झालेल्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ ला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला. हा रस्ता वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. वाशीमच्या इंजिनिअरला नागपूर जवळ आलं, पण मेट्रोची ती पाच मितींची व्यवस्था चार माणसांच्या कार्यालयाला उचलून आणता येणार नाही, आणि आणूही नये. तिथे मॉडेल सांभाळायला वेगळी माणसं असतात. इथे जो इंजिनिअर सकाळी लेआउट द्यायला जातो, तोच दुपारी नगरपरिषदेत बसतो आणि रात्री एस्टिमेट करतो.

तरीही नागपूरकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि ती फुकट आहे: ताज्या नकाशाची जागा एकच. लहान कार्यालयात 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल लेटेस्ट' अशा फाइली असतात. मिस्त्रीच्या फोनमध्ये तिसरीच असते आणि सेंट्रिंगवाल्याच्या खिशातली घडी पडलेली प्रिंट चौथी. सॉफ्टवेअर घेण्याआधी ही घडी बसवावी. एक फोल्डर, फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती, साइटवर नवी प्रिंट दिली की जुनी परत घ्यायची. ज्या कार्यालयाला हे जमत नाही, त्याच्या हाती मॉडेल दिलं तर 'मॉडेल फायनल लेटेस्ट' एवढाच फरक पडेल.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांना संगणकाने वाचायच्या नकाशाची सवय तशी आधीच लागली आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरने ती लावली. प्लॉटची हद्द, बांधकामाची रेषा, जिना, गॅलरी ठरलेल्या लेयरवर ठरलेल्या रीतीने काढली नाही तर ती प्रणाली नकाशा वाचत नाही. सुरुवातीला अनेकांना हा जाच वाटला. पण रेषेला अर्थ द्यायची शिस्त त्यातून अंगवळणी पडली. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आली आणि वाशीमसारख्या नगरपरिषदांच्या हद्दीतले समास, चटईक्षेत्र, जिन्याची रुंदी हे नियमही एका पुस्तकात आले. नियम एकसारखे झाले की ते मॉडेलच्या साच्यात एकदाच भरून ठेवता येतात.

माझ्या मते लहान कार्यालयाचा खरा फायदा परिमाणांत आहे. पाइप-बीमची धडक दाखवणं प्रभावी दिसतं, पण दुमजली इमारतीत अशा धडका मोजक्याच असतात. परिमाणांचा तक्ता मात्र प्रत्येक कामात करावा लागतो, आणि मालकाने एक खोली वाढवली की पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. मॉडेलमध्ये काँक्रीटचे घनमीटर, विटकामाचे घनमीटर, प्लॅस्टरचे चौरस मीटर बदलाबरोबर आपोआप बदलतात. रेती, गिट्टी, सिमेंटचा आगाऊ अंदाज त्यातून लगेच निघतो.

पण इथे एक खड्डा आहे आणि नवखा हमखास त्यात पडतो. मॉडेल प्रत्यक्षात जेवढं आहे तेवढं मोजतं. आपल्याकडे बिल मात्र आयएस १२०० या मानकाच्या मोजमाप पद्धतीने होतं. प्लॅस्टरचा नियम पाहा. ०.५ चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर वजावटच करायची नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरचं दार किंवा खिडकी असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखं प्लॅस्टर असेल, तर वजावट एकाच बाजूची करायची आणि चौकटीभोवतीच्या कडांचं प्लॅस्टर वेगळं मोजायचं नाही. एकाने दुसऱ्याची भरपाई होते असं धरायचं. ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा जमा. आता १ मीटर बाय २.१ मीटरचं साधं दार घ्या, क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर. मॉडेल दोन्ही बाजूंचे मिळून ४.२ चौरस मीटर वजा करतं, मोजमाप पुस्तिकेत वजा होतात २.१. अशी चाळीस दारं असली की ८४ चौरस मीटरचा फरक पडतो. कडांच्या जमेने तो थोडा भरून निघतो, पण आकडे जुळत नाहीत ते नाहीतच. जिल्हा परिषदेच्या कामाचं अंदाजपत्रक मॉडेलमधल्या आकड्यांवर थेट बेतलं तर शाखा अभियंत्याच्या मोजमापाशी ते कधीच बसणार नाही.

म्हणून दोन तक्ते ठेवावेत. एक मॉडेलचा, माल मागवण्यासाठी. दुसरा आयएस १२०० च्या नियमाने, बिलासाठी. तो मॉडेलमधली दार-खिडक्यांची यादी एक्सेलमध्ये घेऊन, तिथे या तीन पायऱ्यांचं सूत्र लिहून तयार होतो. हे सूत्र एकदा बसवलं की पुढच्या प्रत्येक कामाला चालतं.

मॉडेलला जमिनीखालचं काही दिसत नाही, हेही वाशीमच्या इंजिनिअरने पक्कं लक्षात ठेवावं. इथे पुष्कळ ठिकाणी भारी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा हा गुण आहे. पाया त्या थराखाली मुरमापर्यंत न्यायचा हे जुने मिस्त्रीही सांगतात, पण मुरूम एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात चार फुटांवर आणि दुसऱ्यात नऊ फुटांवर लागू शकतो. काळ्या मातीवर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन तिची उसळी रोखण्याचा उपाय त्यांचा. असा थर, किंवा रुरकीच्या सीबीआरआय संस्थेत विकसित झालेले, खाली फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल, यांतलं काय घ्यायचं ते खड्डा खणून माती पाहिल्यावरच ठरतं. मॉडेलमध्ये सगळ्या फुटिंगांची खोली एकसारखी पाच फूट टाकून काढलेलं काँक्रीटचं परिमाण पडद्यावर दोन दशांशांपर्यंत अचूक दिसेल आणि जमिनीत साफ चुकेल. म्हणून आधी चार कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत, तिथल्या खोल्या मॉडेलमध्ये भराव्यात, आणि खोदाई झाली की प्रत्येक फुटिंगची खरी खोली पुन्हा नोंदवावी. हे शेवटचं काम कोणी करत नाही. ते का करायचं, ते पुढे येईल.

सुरुवात कशी करावी? पहिलं मॉडेल खासगी बंगल्याचं करू नये. बंगल्यात मालकाचं मन रोज बदलतं आणि शिकणारा माणूस त्या बदलांत बुडून जातो. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशीम होता. शाळाखोल्या, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं अशी कामं इथे निघत असतात. ती टाइप प्लॅनची असतात. नकाशा एकच, गावं वेगळी. बदलते ती पायाची खोली आणि जोत्याची उंची. दोन वर्गखोल्यांच्या शाळेचं एक मॉडेल नीट बसवलं, तर पुढच्या गावात पाया बदलून तेच वापरता येतं. शिकायला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही.

कार्यालयातल्या सगळ्यांनी एकदम शिकायला बसू नये. एकाला त्यासाठी मोकळं करावं. शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आलेली, कॅडवर हात बसलेली मुलं हे लवकर आत्मसात करतात. पण त्याच्या शेजारी साइट पाहिलेला माणूस बसला पाहिजे, कारण भिंत लिंटेलवर थांबते की बीमच्या तळापर्यंत जाते हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. सॉफ्टवेअरबरोबर येणारी दारं-खिडक्या परदेशी मापांच्या असतात. ग्रॅनाइटची चौकट, थ्री-ट्रॅक खिडकी, तिच्या बाहेरची लोखंडी ग्रील, ओट्याखालचे कडप्पे, गच्चीवरच्या टाकीचा कट्टा हे आपलं आपणच बनवावं लागतं. ही घरची लायब्ररी तयार होईपर्यंत काम जुन्या पद्धतीपेक्षा हळू चालतं. या काळात अनेक कार्यालयं कंटाळून परत ऑटोकॅडवर जातात. म्हणून पहिल्या कामाला घाईची मुदत नसावी, आणि जुन्या पद्धतीचे नकाशेही सोबत तयार ठेवावेत.

सगळं मॉडेलमध्ये घालायचा हव्यास नको. कॉलम, बीम, स्लॅब, भिंती, दार-खिडक्या, जिना आणि सांडपाण्याचे मुख्य पाइप, एवढं पुरे. स्विचबोर्ड, टाइल्सचे सांधे, प्रत्येक सळई यांत पडलं की मॉडेल जड होतं आणि हातात काही येत नाही. सळईसाठी बार बेंडिंग शेड्यूल एक्सेलमध्येच बरं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र तिथे उत्तम चालतं.

पैशाचं काय? ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं थांबवलं, त्यामुळे रेव्हिट वर्षाच्या भाड्याने घ्यावं लागतं आणि लहान कार्यालयाला ते जड जातं. चोरीची प्रत वापरायचा मोह होतो. तो टाळावा, कारण आता मोफत आणि खुली साधनं खरोखर कामाची झाली आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि इमारतीच्या मॉडेलिंगचा विभाग तिच्यात अंगभूत झाला. ब्लेंडरला जोडायचं बॉन्साय हे साधन थेट आयएफसीतच काम करतं. त्यांचा हात बसायला वेळ लागतो, पण दोन वर्गखोल्यांच्या शाळेला ती पुरतात. चांगली रॅम असलेला संगणक आणि यूपीएस मात्र हवाच. उन्हाळ्यात लाइट गेली की न साठवलेलं अर्ध्या दिवसाचं काम जातं.

खरी अडचण सॉफ्टवेअरच्या किमतीपेक्षा फीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे लहान गावात इंजिनिअरची फी नकाशाच्या मंजुरीला बांधलेली असते. मंजुरी हातात पडली की बहुतेक रक्कम मिळते आणि पुढचं मार्गदर्शन ओळखीपाळखीवर चालतं. म्हणून पाइप कुठून जाईल, जिन्याखालून वाकून जावं लागेल का, हे प्रश्न 'साइटवर बघू' म्हणून पुढे ढकलले जातात. यात आळस नाही; त्या प्रश्नांची उत्तरं आधी शोधायचे पैसे कोणी देत नाही, एवढंच. मॉडेल हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारतं. पाइप काढला नाही तर बाथरूम पुरं होत नाही. अमेरिकेतल्या एचओके संस्थेचे पॅट्रिक मॅकलिमी यांनी २००४ च्या सुमारास एक आलेख मांडला. काम जसजसं पुढे जातं तसतसा बदलाचा खर्च वाढतो आणि बदल करण्याची ताकद कमी होते, म्हणून श्रम सुरुवातीला घालावेत, असं तो दाखवतो. आलेख सगळ्यांना पटतो. पण श्रम पुढे सरकले आणि पैसे मागेच राहिले, तर इंजिनिअरचं कार्यालय तोट्यात जातं.

त्यावर एकच मार्ग मला दिसतो: फीचे टप्पे बदलणं. मंजुरीचा एक हप्ता, त्यानंतर बांधकामाच्या मॉडेलचा वेगळा हप्ता. त्या हप्त्यात मालकाला काय मिळणार ते कागदावर लिहायचं: मालाचा तक्ता, सांडपाण्याची वाट दाखवणारा नकाशा, जिन्याचे आणि बाथरूमचे सेक्शन, आणि खिडक्यांच्या जागा बदलायची शेवटची तारीख. मालकाला लॅपटॉपवर आपल्याच घरातून फिरवून आणलं की तो या टप्प्यावर मोकळेपणाने बदल सांगतो, आणि ते सांगायची वेळ हीच आहे. मिस्त्रीला लॅपटॉप देऊ नये. त्याला जिन्याचं आणि संकन स्लॅबचं तिरक्या कोनातून काढलेलं चित्र, मोठ्या आकड्यांतल्या मापांसह, प्रिंट करून द्यावं. सेक्शन वाचता न येणारा सेंट्रिंगवालाही ते चित्र क्षणात वाचतो.

आता फुटिंगच्या त्या खऱ्या खोलीकडे. आपल्या गावांत घर एका दमात पुरं होत नाही. आधी तळमजला, गच्चीवर कॉलमच्या सळया सोडून ठेवलेल्या, त्यांना सिमेंटचा लेप. मुलाची नोकरी लागली किंवा सोयाबीनला भाव मिळाला की वरचा मजला. मजला चढवायला माणूस येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, खाली फुटिंग केवढं आहे? मूळ इंजिनिअरला आठवत नाही, ठेकेदार सापडत नाही, कागद वाळवीने खाल्लेला. मग अंदाजावर भिस्त ठेवतात, नाहीतर पायाशी खड्डा खणून पाहतात. मॉडेलमध्ये प्रत्येक फुटिंगचं माप, मुरूम लागला ती खोली, कॉलमच्या सळयांचे व्यास, काँक्रीटची ग्रेड आणि ओतण्याआधी काढलेले फोटो नोंदलेले असतील, तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. ही नोंद मालकाच्या हवाली करताना सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलबरोबर आयएफसी फाइल आणि छापील पीडीएफही द्यावी, आणि एक प्रत कार्यालयाबाहेरच्या डिस्कवर ठेवावी. दहा वर्षांनी येणारा इंजिनिअर दुसराच असेल, त्याच्याकडचं सॉफ्टवेअरही दुसरं असेल. आयएफसी त्यालाही उघडेल, आणि वरच्या मजल्याचा भार हे फुटिंग झेलेल की नाही याचा हिशेब तो खऱ्या आकड्यांवर करू शकेल.